कोल्हापुरात राहताना आपला ख्रिस्ती विश्वास रोजच्या वागण्यातून कसा दाखवावा?

माझ्या मते सुरुवात व्यवहारापासून करा. ‘होय तर होय, नाही तर नाही’ असं बोला, हे येशूने डोंगरावरच्या प्रवचनातच (मत्तय 5:37) सांगितलंय. महाद्वार रोडला तुमचं चपलांचं दुकान असेल, तर रेक्झिनची जोडी चामड्याची म्हणून खपवायची नाही. गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं, परत कधी येणार नसलं तरीही. खरी परीक्षा तिथेच आहे, रविवारी चर्चमध्ये नाही.

2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं होतं. अशा वेळी शेजाऱ्याच्या घरातला गाळ उपसायला खोरं घेऊन जा. सोबत धर्मप्रचाराची पत्रकं मात्र नकोत, अडलेल्या माणसाला त्याचं ओझं वाटतं. त्याने आपणहून विचारलं, तर बायबलमधल्या 1 पेत्र 3:15 प्रमाणे आपल्या विश्वासाबद्दल सौम्यपणे, आदराने सांगा.