पूर्ण होण्याआधी बोल

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. स्वभावाचा प्रकार सांगणाऱ्या चाचणीत आलेली चार अक्षरं, आयएनटीपी, म्हणजे अंतर्मुख, विचार करत बसणाऱ्यांचा एक प्रकार, तू सगळ्यात वर लिहिली आहेस आणि त्याखाली एकच ओळ: ‘मी बिघडलेली नाही, हे पहिल्यांदा कळलं.’ त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. लहानपणापासून घुमी, शिष्ट, माणूसघाणी ऐकत आलेल्या मुलीला स्वतःचं सरळ वर्णन छापलेलं सापडतं, तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. तो आनंद खरा आहे, जपून ठेव. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘माझा पिंडच असा आहे, त्यामुळे मीटिंगमध्ये मी बोलणार नाही हे आता स्वीकारलंय.’ तिथे मला तुला अडवायचंय.

आधी ही अक्षरं कुठून आली ते पाहू. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी तिथून रुजली. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती कल्पना उचलली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कुणाला कोणतं काम मानवेल हे समजावं म्हणून, तिची प्रश्नावली केली. तुझी अक्षरं त्या मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीतली. प्रत्येक अक्षर म्हणजे स्वभावाच्या एका जोडीतली एक बाजू. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. निर्णय लवकर मिटवायला आवडतो की दार उघडं ठेवायला, हे सांगणारी चौथ्या अक्षराची जोडीही युंगने मांडलेली नव्हती, ती या मायलेकींनी जोडली.

त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण त्या प्रश्नावलीत एक अडचण आहे आणि तुझ्यासारखीला ती लगेच दिसेल. समज, सगळ्या माणसांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं आणि बरोबर मधोमध रेघ मारून अलीकडच्यांना बुटके, पलीकडच्यांना उंच म्हटलं. बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात. त्यामुळे बोटभर फरकाची दोन माणसं वेगवेगळ्या जातीची ठरतात आणि एकाच बाजूची, हातभर फरकाची दोन माणसं एका जातीची. स्वभावाचंही तसंच आहे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं ते यामुळेच. म्हणून ती अक्षरं तुझं वर्णन म्हणून वाच. तू पुढे काय करशील, काय करणार नाहीस, हे त्यांत लिहिलेलं नाही.

अंतर्मुखता म्हणजे नेमकं काय, यावरही तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. लाजणं म्हणजे भीती: लोक काय म्हणतील, आपण चुकलो तर. अंतर्मुख असण्यात भीती असलीच पाहिजे असं नाही. गजबजाट लवकर पुरेसा होतो, मन आत वळलं की त्याला बरं वाटतं, एवढंच. हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं होतं की अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून बाहेरची थोडीशी खळबळही त्यांना पुरेशी होते. त्याच्या सिद्धान्तातलं सगळंच पुढे टिकलं नाही, पण लाजणं आणि अंतर्मुखता वेगळ्या आहेत हे आज पक्कं मानलं जातं. काही माणसांना लोकांत मिसळायची मनापासून ओढ असते आणि तरीही लाज त्यांना मागे खेचते.

तू कुठे आहेस हे शोधायची माझी एक साधी रीत आहे. माणसांतून उठून आलीस की स्वतःकडे बघ. ‘सुटले बाई’ वाटतं, की ‘छान होतं, पण आता पुरे’ वाटतं? पहिलं असेल तर ती भीती आहे आणि भीतीवर काम करता येतं. दुसरं असेल तर तो थकवा आहे आणि थकव्याला विश्रांती लागते, उपचार नाही. तुझ्या पत्रातल्या मीटिंगच्या वर्णनात मला दोन्ही दिसले. सगळ्याला स्वभाव म्हणून मोकळी झालीस तर त्यातली भीती तशीच राहील.

आता मैत्रिणीबद्दल. ती मुलाखतीत नापास झाल्याचं सांगत होती आणि तू तिला तिच्या तयारीतल्या तीन चुका दाखवल्यास. ती गप्प झाली आणि तू अजून विचारतेस, ‘माझं काय चुकलं? तिन्ही मुद्दे बरोबर होते.’ बरोबरच असतील. तुझं मन गोष्ट ऐकताक्षणी तिच्यातला तुटलेला सांधा शोधतं आणि तो दाखवणं हीच तुझी माया आहे. तिच्यासाठी तू डोकं शिणवलंस. पण ते शिणवणं तिला दिसलं नाही, तिच्या हातात फक्त यादी पडली. पुढच्या वेळी आधी विचार, ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ मग थांब. अशी विचारणा नाटकी वाटेल असं तुला वाटतं, मलाही वाटायचं. समोरच्याला ती तशी वाटत नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी तुझ्या गप्प राहण्याच्या कारणाची आहे. तू लिहितेस, ‘पूर्ण खात्री झाल्याशिवाय मी बोलत नाही.’ यावरून मला हेन्री कॅव्हेंडिश हा इंग्रज शास्त्रज्ञ आठवतो. १७३१ ते १८१० हा त्याचा काळ. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे त्याने दाखवलं, पृथ्वीची घनता पाण्याच्या जवळपास साडेपाच पट आहे हे १७९८ साली मोजलं. माणसांचं त्याला इतकं ओझं व्हायचं की घरात जेवण काय हवं तेसुद्धा तो चिठ्ठीवर लिहून ठेवी. ज्यांना त्याचं मत हवं असे, ती माणसं त्याच्याकडे न बघता, शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलल्यासारखी बोलत. मग कधीतरी उत्तर येई.

पण मला हुरहूर लागते ती त्याच्या कपाटातल्या कागदांची. विजेवरचे त्याचे कितीतरी प्रयोग त्याने छापलेच नाहीत. प्रवाह मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या अंगाला झटका घेऊन त्याची तीव्रता ठरवी, आणि एवढ्यावर त्याने जे संबंध शोधले त्यांत पुढे ओहमचा नियम ठरलेली गोष्टही होती, म्हणजे विजेचा दाब आणि प्रवाह यांचं नातं. ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने तो नियम १८२७ साली छापला. कॅव्हेंडिशचे कागद मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने संपादून १८७९ साली प्रसिद्ध केले, तो जाऊन ६९ वर्षं झाल्यावर. तोवर ते सगळं इतरांना पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं होतं. त्याच्या एकांताने त्याला काम दिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती वेळेवर पडलं नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका हिशोबात मला काहीतरी खटकलं होतं. काय ते नेमकं सांगता येत नव्हतं, म्हणून बैठकीत मी गप्प राहिले. घरी येऊन रात्री तपासत बसायचे. तीन आठवड्यांनी चूक सापडली, तेव्हा त्या आकड्यांवर पुढचं सगळं काम उभं राहिलेलं होतं. ते मोडावं लागलं. बरोबरच्या एकाने एवढंच विचारलं, ‘तुला तेव्हाच शंका होती?’ हो म्हणताना मान वर झाली नाही. त्या दिवशी ‘मला इथे काहीतरी खटकतंय, कारण अजून सापडलं नाही’ एवढं वाक्य पुरलं असतं. बाकीच्यांनी मिळून दोन दिवसांत शोधलं असतं.

तेच वाक्य तुला देते आहे. तुझी अडचण ही की अर्धवट बोललं तर खोटं बोलल्यासारखं वाटतं. तर अर्धवटपणाही सांगून टाक. ‘हे पक्कं आहे’, ‘हा अंदाज आहे’, ‘हे नुसतं खटकतंय’. विचारासोबत त्याची खात्री किती हेही सांगितलंस की तुझ्या सचोटीला कुठेच धक्का लागत नाही. तोंडी जमत नसेल तर मीटिंगआधी चार ओळी लिहून पाठव. लगेच उत्तर मागितलं तर ‘उद्या सकाळी सांगते’ म्हण आणि उद्या सकाळी खरंच सांग. नंतर एकटीने बसायला वेळ काढ, त्याची लाज वाटू देऊ नकोस. ब्रायन लिटल हा मानसशास्त्रज्ञ स्वतः अंतर्मुख, तरी त्याची व्याख्यानं गाजतात. माणूस आपल्याला जीव लागलेल्या कामासाठी स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, फक्त नंतर त्याला सावरायला एक कोपरा हवा असतो, असं तो सांगतो.

तुझ्या पत्रात दुसऱ्या पानावर एक परिच्छेद खोडलेला आहे. उजेडात धरल्यावर ‘नव्या पद्धतीत मला एक’ इतकंच वाचता आलं. तो परिच्छेद मला हवाय. शुद्ध करू नकोस, पूर्ण करू नकोस. आहे तसा उद्याच पाठव.

सप्रेम,
तुझी ताई