टाकणखार 'टाकण्या'तून आलेला नाही

प्रश्न असा आला आहे: "रसायनशास्त्रातल्या नव्या संशोधनावरच्या एका मराठी लेखात वाचलं की बोरॉनने हवेतला नायट्रोजन पकडला, आणि हा शोध म्हणजे 'सोने पे सुहागा' आहे. सुहागा म्हणजे टाकणखार, असं घरी कळलं. मग टाकणखार हा शब्द 'टाकणे' वरून आला का? आणि या 'सोने पे सुहागा'ला मराठीत काय म्हणावं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळा होतो. मराठीत 'दुधात साखर' म्हणावं. हल्ली बातम्यांतून आणि भाषणांतून 'सोने पे सुहागा' इतक्यांदा कानावर आदळतं, की सुहागा म्हणजे सोन्यावर चढवायचा एखादा दागिनाच असावा, असा लोकांचा समज झाला आहे. काहींना त्यात सौभाग्याचं लेणं दिसतं. शब्द सौभाग्यावरूनच आला आहे हे खरं, पण तो लेण्याच्या वाटेने आलेला नाही. रसशास्त्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या शास्त्राच्या, ग्रंथांत टंकणाला (टाकणखाराला) 'सौभाग्य' हे पर्यायनाम आहे. त्याचं हिंदीत सुहागा झालं आणि मराठीत सवागी. जुन्या सोनारांच्या आणि वैद्यांच्या तोंडी सवागी असे. ज्यांना सुहागा हवाच आहे त्यांनी निदान सवागी म्हणावं.

आता टाकणखार, म्हणजे दुकानातला बोरॅक्स. 'टाकणे'शी त्याचा काडीचा संबंध नाही. 'मुशीत टाकतात म्हणून टाकणखार' ही व्युत्पत्ती मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकली आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे. जुन्या छपाईतले चार शब्द काढून पाहा: टांका, टांकी, टांकसाळ, टांकणखार. चौघांच्या डोक्यावर अनुस्वार आहे. 'टाकणें' या क्रियापदात अनुस्वार होता तो शेवटच्या णें वर, टा वर कधीच नव्हता. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार काढून टाकले आणि टाकणखार बिचारा 'टाकणे'च्या शेजारी जाऊन बसला. नियम सोयीचा होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण अनुस्वार गेला म्हणून शब्दाचं कूळ बदलत नाही.

ते कूळ म्हणजे संस्कृत टंकण. टंक म्हणजे छिन्नी, टंक म्हणजे छापाचं नाणं, त्यावरून टांकसाळ, आणि आधुनिक काळात टंकलेखन. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला ज्या धातूने (सोन्या-तांब्यासारख्या नव्हे, क्रियापदाच्या मुळाने) वेड लावलं आहे तो वेगळा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, चुरादिगण नावाच्या वर्गात 'टकि बन्धने' असा धातू आहे. टङ्कयति म्हणजे बांधतो, सांधतो. त्याला ल्युट् हा नाम बनवणारा प्रत्यय लावा. पाणिनीचं सूत्र आहे 'करणाधिकरणयोश्च': हा प्रत्यय क्रियेचं साधनही दाखवतो. म्हणजे टङ्कन म्हणजे ज्याच्या योगाने सांधलं जातं ते.

'ज्याच्या योगाने' हे शब्द सोनाराच्या शेगडीपाशी बसून वाचावेत असे आहेत. टाकणखाराचा खडा तो सहाणेवर पाण्यात घासतो आणि ते पांढरं गंध सांध्याला लावतो. वर डाकाचे, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचे, बारीक तुकडे ठेवतो आणि फुंकणीने आच देतो. खारात दर रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात. ते उडून जाताना खार फुगतो आणि त्याची लाही होते. (वैद्य जी टाकणखाराची लाही मधात देतात ती हीच.) आच वाढली की सुमारे ७४० अंश सेल्सिअसला लाही वितळून काचेसारखी पारदर्शक होते. सोन्यात मिसळलेल्या तांब्यावर तापल्यामुळे जी काळी पुटं धरतात ती या काचेत विरघळतात, हवा आत शिरत नाही आणि डाक सरसर पसरतो. सांधतो तो डाक. टाकणखार सांधू देतो. कर्ता वेगळा आणि करण, म्हणजे साधन, वेगळं, आणि शब्दात नेमकं करणच आहे!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, टङ्कनच्या न चा ण कसा झाला? र किंवा ष जवळ नाही, तेव्हा णत्वाचा नियम लागू होत नाही, हे मान्य. पण कोशांत टङ्कन आणि टङ्कण अशी दोन्ही रूपं मिळतात, आणि ट-वर्गाचा शेजार लाभलेला न मूर्धन्य होणं लोकांच्या तोंडी अगदी साहजिक आहे. दुसरा आक्षेप घेणारे विद्वान म्हणतात की टंकण किंवा तंगण नावाचे हिमालयापलीकडचे लोक होते, त्यांच्या मुलखातून हा खार येई, म्हणून त्यांचं नाव त्याला पडलं. खार तिबेट-लडाखकडून येई हे खरं; लडाखात पुगा खोऱ्यातल्या गरम झऱ्यांपाशी तो आजही सापडतो. पण महाभारताचं सभापर्व उघडून पाहा. तंगण आणि परतंगण तिथे युधिष्ठिराला नजराणा आणतात तो मुंग्यांनी उकरलेल्या पिपीलिक सोन्याचा. खाराचा तिथे उल्लेखही नाही. शिवाय तिथे त आणि ग आहेत, आपल्या शब्दात ट आणि क. मुलखाचं नाव मालाला पडतं तसं मालाचं नाव माणसांनाही पडतं. माझं मत असं की सांधणारा खार आधी टंकण झाला आणि त्याचा व्यापार करणारे मागाहून. लोकनामाची उपपत्ती मांडणाऱ्यांनी 'टकि बन्धने'चा विचारच का करू नये, हे मला कळलेलं नाही. धातुपाठ काही दुर्मिळ ग्रंथ नव्हे.

हाच शब्द व्यापारी मार्गांनी बाहेर गेला. फारसीत तो तिंकार झाला, मलायीत तिंगकल, आणि इंग्रजीत टिंकल. खनिजशास्त्रात कच्च्या टाकणखाराला आजही टिंकल म्हणतात. तो कोरड्या हवेत राहिला की पाण्याचे निम्मे रेणू गमावून त्याची भुकटी होते, त्या खनिजाचं नाव टिंकलकोनाइट. त्यातला 'कोनि' हा ग्रीकमधला भुकटीवाचक शब्द. म्हणजे आपलं टंकण जगभरच्या खनिजांच्या यादीत सुखाने नांदतं आहे आणि आपण मात्र दुकानात जाऊन 'बोरॅक्स द्या' म्हणतो. बोरॅक्स आलं फारसी बूरावरून, अरबी बूरकमार्गे; त्यावरून १८०८ मध्ये वेगळ्या केलेल्या मूलद्रव्याला बोरॉन हे नाव मिळालं. त्या मूलद्रव्याला वेगळं मराठी नाव शोधू नये. बोरॉन ठीक आहे.

आणि बोरॉनचं सगळं रसायन बंधांचंच आहे, म्हणून तर मला हा शब्द इतका प्रिय. बोरॉनकडे बंधासाठी तीनच इलेक्ट्रॉन, त्यामुळे तीन बंध करूनही एक जागा रिकामी उरते. ती भरण्याची त्याची धडपड टाकणखारातच दिसते: त्यातल्या चार बोरॉनपैकी दोघांनी तीन-तीन ऑक्सिजन धरलेले असतात आणि दोघांनी चार-चार.

आपण वाचलेल्या लेखातला शोध २०१८ चा, जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमधल्या होल्गर ब्राउनश्वाइग यांच्या गटाचा. याच गटाने २०१२ मध्ये दोन बोरॉनमध्ये त्रिबंध असलेलं आणि सामान्य तापमानाला टिकणारं संयुग केलं होतं. नायट्रोजनच्या प्रयोगात त्यांनी बोरॉनला अशा अवस्थेत आणलं की त्याच्याजवळ रिकामी जागाही असावी आणि द्यायला इलेक्ट्रॉनही असावेत. असं घेणं-देणं एकाच अणूने करणं ही लोखंड, मॉलिब्डेनम अशा संक्रमणी धातूंची मिरास समजली जाई. दोन बोरॉननी नायट्रोजनच्या रेणूला दोन टोकांनी धरलं. २०२० मध्ये त्यांनी एकाच भांड्यात, सामान्य तापमानाला, नायट्रोजनपासून अमोनियम क्लोराइडपर्यंत मजल मारली. लेखात 'आता खतं स्वस्त होणार' असं काही असेल तर ते सोडून द्या. यात बोरॉन उत्प्रेरक नाही, आणि पोटॅशियम खर्ची पडतं. पण मुख्य गटातलं, म्हणजे संक्रमणी धातूंबाहेरचं, मूलद्रव्य हे करू शकतं हे कळणं फार मोठं आहे.

जाता जाता एक. याच क्षेत्रात २००६ मध्ये कॅनडातल्या डग्लस स्टीफन यांच्या गटाने दाखवलं की बोरॉन आणि फॉस्फरस यांना अवजड अणुगटांच्या आडोशाने एकमेकांपासून दूर ठेवलं, तर त्यांना आपसात बंध करता येत नाही आणि मध्ये आलेला हायड्रोजनचा रेणू ते फोडतात, तेही धातूशिवाय. तापवलं की हायड्रोजन परत सुटतो. अशा जोडीला (इंग्रजीत 'फ्रस्ट्रेटेड लुईस पेअर') एका मराठी अनुवादात 'वैफल्यग्रस्त लुईस जोडी' म्हटलेलं वाचलं. वैफल्य माणसाला येतं, आणि ते प्रयत्न फसल्यावर. इथे दोघे समोरासमोर आहेत, तयार आहेत, फक्त भेटता येत नाही. त्याला मराठीत ताटकळणं म्हणतात. 'ताटकळलेली जोडी' लिहा; विद्यार्थ्याला वाचताक्षणी कळेल की तिसरा कुणी आला तर काय होईल.

सवागी हा शब्द कुणाच्या घरी, विशेषतः सोनारकाम असलेल्या घरी, अजून वापरात असेल तर कोणत्या भागात आणि नेमक्या कोणत्या रूपात, ते जरूर कळवा. खडा आणि लाही यांना वेगळी नावं असतील तर तीही हवी आहेत.