मेडिकल शब्द पाठ करू नकोस, फोडायला शिक

अगं, मराठी माध्यमातून नर्सिंगला आलीस म्हणून घाबरू नकोस, मीही तशीच आले होते. डिक्शनरी 'ए'पासून पाठ करायला घेतली आणि 'बी'पर्यंतही पोचले नाही!

शब्द शेवटाकडून वाच. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं. मग अवयव जोड: 'हेपॅटो' यकृत, 'नेफ्रो' मूत्रपिंड. नेफ्रायटिस, नेफ्रेक्टमी आपोआप सुटतात. (मूत्रपिंडाला 'रीनल'ही आहे. एक ग्रीक, एक लॅटिन. वैताग आहे, पण चालायचंच.)

आठवड्याला एकच संस्था घे, आधी पचनसंस्था. जठर, यकृत, आतडी तुला मराठीत माहीतच आहेत.

हमखास चुकतं ते असं:

- हायपर जास्त, हायपो कमी. बीपीच्या नोंदीत घाईत लिहिलंस की अर्थच उलटा.
- कोलोस्टमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड काढणं, कोलेक्टमी म्हणजे ते आतडं किंवा त्याचा भाग काढणं. पेशंटच्या नातेवाइकांना सांगताना इथे गोंधळ नको.
- 'इलियम' दोन आहेत: मध्ये 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असेल तर कमरेचं हाड. कानावर विसंबू नकोस, स्पेलिंग बघ.

अपवाद आणि शोधकर्त्यांच्या नावाचे आजार दुसऱ्या वर्षाला बघू.