ट्रकच्या टायरला काळी चमक आणणारा स्प्रे कोणता घ्यावा?

कळंबोली ते न्हावा शेवा बंदर (जेएनपीटी) फेऱ्या मारणाऱ्या ट्रकसाठी विचारताय, तर वॉटर-बेस्ड सिलिकॉन स्प्रे घ्या. पावसात तो लवकर उतरतो, पुन्हा मारावा लागतो, पण रबराला सोसतो. डब्यावर पेट्रोलियम डिस्टिलेट (खनिज तेलापासूनचं द्रावक) लिहिलं असेल तर चमक जास्त आणि टिकाऊ मिळते. मात्र वारंवार वापरल्यास रबर सुकू शकतं. जळकं ऑइल किंवा डिझेल तर कृपा करून फासूच नका, त्याने रबर फुगून मऊ पडतं.

खरी मेहनत धुण्यात आहे. साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, तपकिरी थर म्हणजे नुसती माती नव्हे. ओझोनपासून रबराला जपणारं रसायन आतून वर येतं आणि तसा रंग धरतं. टायर क्लीनर टाकून कडक ब्रशने फेस पांढरा येईपर्यंत घासा आणि टायर पूर्ण वाळू द्या. ओल्या टायरवर मारलेला स्प्रे पट्टे पाडतो आणि धरत नाही.

स्प्रे आधी स्पंजवर घ्या, पातळ हात फिरवा, 10-15 मिनिटांनी जास्तीचा पुसा. नाहीतर चाक फिरताच शिंतोडे मडगार्डवर. ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर) आणि ब्रेक ड्रमवर थेंबही नको. टायर घसरतो, ब्रेकची पकड जाते.