पॅकीपोडियमची लागवड : काटोल आणि हिंगण्याच्या प्रश्नांना उत्तर

काटोल तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराने विचारले आहे की, पुण्याच्या भाच्याकडे त्यांनी फुगीर बुंध्याचे एक काटेरी विदेशी झुडूप पाहिले, वीतभर रोपाला हौशी संग्राहक हजारो रुपये मोजतात असेही तिथे ऐकले, तर अर्धा एकर शेडनेट उभारून त्याची लागवड करावी काय? हिंगण्याच्या एका भगिनीने कळविले आहे की, तसेच झुडूप त्यांनी गेल्या हिवाळ्यात आणून काळी माती आणि गांडूळखत भरलेल्या कुंडीत लावले, कुंडी अंगणात ठेवली, आणि ऑगस्टमध्ये त्याचा बुंधा पिकल्या पपईसारखा मऊ लागू लागला. दोन्ही छायाचित्रांवरून ही वनस्पती पॅकीपोडियम साँडर्सी दिसते, म्हणून उत्तर एकत्रच देत आहे.

अर्धा एकर लावू नका, हे आधीच सांगतो. ही वनस्पती आपल्या उन्हात तग धरते. तिला मारतो तो आपला पावसाळा आणि आपली काळी जमीन. त्यामुळे हे शेतात लावायचे पीक नव्हे, छपराखाली कुंडीत वाढवायचे झुडूप आहे.

पॅकीपोडियम हे कण्हेरीच्या कुळातले. नावाचा अर्थ ‘जाड पायाचे’ असा असून तो या झुडपाला चांगला शोभतो, कारण पाणी साठवणारा बुंधा हीच त्याची ओळख. या प्रजातीतल्या बहुतेक जाती मादागास्करमधल्या आहेत, आफ्रिकेच्या दक्षिण भागात मोजक्या पाचच. त्यांपैकी साँडर्सी ही लेबोंबो डोंगररांगेतल्या खडकांच्या भेगांतून वाढते आणि तिला पांढरी फुले येतात. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला पॅकीपोडियम लीली या जातीची उपजात मानतात, म्हणून रोपवाटिकेत एकच रोप दोन नावांनी विकले जाताना दिसले तर गोंधळू नये. रोप घेताना काटे अवश्य पाहावेत. आपल्याकडे सगळीकडे मिळणारे अडेनियमही फुगीर बुंध्याचे असते, परंतु त्याला काटे नसतात. त्रिधारी निवडुंगाला खरचटले तर पांढरा चीक येतो. पॅकीपोडियमचा रस पाण्यासारखा असतो. अडेनियमला पॅकीपोडियमचा भाव देऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

हे झुडूप मूळचे भेगेतले असल्यामुळे पाऊस पडला की पाणी मुळांजवळून निघून जाते, हीच त्याची सवय. आपली काळी माती याच्या नेमकी उलट वागते: ती पाणी धरून फुगते, मुळांभोवतीची हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते. नागपुरात वर्षाकाठी हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. झडीचा पाऊस आठवडाभर लागला आणि बुंध्याभोवती ओल राहिली की बुरशीला हवे ते सगळे मिळते. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या, म्हणजे साल सडून डिंक गळण्याचा रोग, कसा लागतो हे काटोलच्या बागायतदारास मी सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की संत्र्याचे झाड डिंक्या झाल्यावरही काही हंगाम काढते, तर हे झुडूप पंधरवड्यात बसते.

म्हणून कुंडीतले मिश्रण असे करावे: दोन भाग खडी केंद्रावरची बारीक चुरी, तिच्यातली धूळ धुऊन टाकलेली, एक भाग कन्हानची जाडी वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत. गांडूळखत आणि कोकोपीट ओल धरतात, ते टाळावे. काळे प्लॅस्टिक मे महिन्यात मुळे भाजते, त्यामुळे मातीची कुंडी घ्यावी आणि तिचे तळाचे छिद्र मोठे असावे. कुंड्या चारही बाजूंनी उघड्या, वरून मात्र पारदर्शक पत्र्याच्या छपराखाली ठेवाव्यात. ऊन पूर्ण मिळावे, पाऊस एक थेंबही मिळू नये. शेडनेट पाऊस अडवीत नाही, हे लक्षात घेतले तर अर्ध्या एकराचा खर्च कशाला नको म्हटले ते कळेल. लहान रोपांवर मात्र पारा ४५ अंशांकडे गेला की दुपारी ५० टक्के सावलीची जाळी धरावी.

पाणी मोजून द्यावे. वाढीच्या दिवसांत वरचा थर पूर्ण वाळल्यावर भरपूर द्यावे आणि पुन्हा वाळू द्यावे. नोव्हेंबरनंतर पाने पिवळी पडून गळतात. हा रोग नव्हे, ही झोप आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहा अंशांखालीही जातो, आणि थंड ओली माती पानगळीतल्या झुडपाला सर्वांत घातक ठरते. म्हणून पाने गळाल्यापासून नवे कोंब दिसेपर्यंत पाणी बंद ठेवावे. पाने गेली म्हणून घाबरून जास्त पाणी घालणे, ही हौशी माणसाची नेहमीची चूक आहे.

हिंगण्याच्या भगिनीने आता वाट न पाहता झुडूप उपटावे, मुळे धुवावीत आणि स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने मऊ, तपकिरी भाग कापीत जावे, आतला गर पांढरा आणि घट्ट दिसेपर्यंत. कापावर गंधकाची भुकटी लावून सावलीत, हवेशीर जागी दहा-पंधरा दिवस सुकवावे आणि मग कोरड्या चुरीत बसवावे. खरे सांगायचे तर या प्रजातीला मुळे फुटणे अवघडच असते. वरची एखादी फांदी निरोगी असेल तर दुसरा मार्ग कलमाचा आहे: ‘मादागास्कर पाम’ या चुकीच्या नावाने मिळणारे पॅकीपोडियम लामेरी खुंट म्हणून घेता येते, जसे आपण संत्र्यासाठी जंबेरी घेतो. सारख्या जाडीचे दोन्ही काप समोरासमोर बसवून दोऱ्याने दाबून ठेवावेत. कलमाचे काम फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात करावे. पावसाळ्यात करू नये. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसणे पुरेसे असते.

रोपे वाढवायचीच असतील तर बियांपासून वाढवावीत. शिंगांसारख्या जोडशेंगा तडकतात आणि आत रुईसारखी केसाळ बी असते. ताजी बी २५ ते ३० अंशांत साधारण दोन आठवड्यांत उगवते. जुनी झाली की उगवण झपाट्याने घसरते. बऱ्याच जातींत एकट्या झुडपावर बी धरत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या बियांपासून आलेली किमान दोन झुडपे ठेवावी लागतात. बुंधा अंगठ्याएवढा होण्यासही काही वर्षे जातात, हा हिशेब काटोलच्या बंधूंनी आधी मांडावा.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण गांभीर्याने. पॅकीपोडियमची संपूर्ण प्रजाती साइटिस करारात, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात, आहे: बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात, तर अम्बोन्गेन्स, बॅरोनी आणि डेकार्यी यांसारख्या जाती अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात. भारतात २०२२ च्या वन्यजीव संरक्षण दुरुस्तीने या करारातील जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या आहेत. मादागास्करच्या डोंगरांतून उपटून, मुळे छाटून पाठविलेली मोठी बुडखे बाजारात येतात. ती घेऊ नयेत. त्यांतली पुष्कळशी मुळे न फुटताच सडतात आणि कागदपत्रे नसल्यास तुम्हीच अडचणीत येता. परदेशातून बी मागवायची तरी वनस्पती संगरोधाचा आयात परवाना आणि तिकडचे फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र लागते. देशातल्या रोपवाटिकेतून घेताना, रोप बियांपासून वाढविलेले आहे असे लिहिलेली पावती मागावी.

विक्रीबाबत इतकेच की, कळमन्याच्या बाजारात जसा संत्र्याला रोज भाव निघतो तसा या झुडपाला निघत नाही. दर ठरतो तो बुंध्याचा घेर, घाट आणि समोरच्या माणसाची हौस यांवर, आणि असा ग्राहक प्रत्येक रोप हातात घेऊन तपासतो. काटोलच्या बंधूंनी संत्रा बागेला हात लावू नये. घरालगत पारदर्शक पत्र्याच्या छपराखाली वीस कुंड्या ठेवून दोन पावसाळे काढावेत आणि तिसऱ्या वर्षी किती जगल्या ते मला कळवावे, मग पुढचे बोलू.