कॅम्परव्हॅनमधल्या राऊटरचं जीपीएस वायफायवाल्या टॅबला नॅव्हिगेशनसाठी देता येतं का?

तुम्ही विचारलंय की व्हॅनमधे सिमकार्डवाला राऊटर बसवलाय, त्याच्या सेटिंगच्या पानावर लोकेशन बरोब्बर दिसतं, पण टॅब फक्त वायफायवाला आहे, तर ते लोकेशन टॅबमधल्या मॅप्सला मिळेल का. अँड्रॉइड टॅब असेल तर मिळतं, मी दोन वर्षं तसंच वापरतोय. आयपॅड असेल तर ह्या वाटेला जाऊ नका, त्याचं शेवटी सांगतो.

वायफाय जोडलं म्हणजे राऊटरचं जीपीएस पण आपोआप टॅबमधे आलं असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं, तसं होत नाही. राऊटरमधली चिप लोकेशन साध्या मजकुराच्या ओळींमधे काढत असते, बहुतेक वेळा सेकंदाला एकदा, त्या ओळींना एनएमईए म्हणतात. त्या ओळी नेटवर्कवरून टॅबपर्यंत पोचवायच्या आणि टॅबमधल्या एका अॅपने त्या वाचून अँड्रॉइडला सांगायचं की आपण इथे आहोत, बस एवढंच काम आहे.

मग जीपीएस नसलेला टॅब आत्ता जे काही ठिकाण दाखवतो ते कुठून येतं? तो आजूबाजूच्या वायफायचे हार्डवेअर पत्ते बघतो आणि ते कुठल्या जागेवर नोंदलेत हे इंटरनेटवरून विचारतो. घरात हे छान चालतं, व्हॅनमधे फसतं. एकदा आम्ही तीनशे किलोमीटर पुढे आलो होतो आणि टॅब आरामात आदल्या मुक्कामाची पार्किंग दाखवत होता, मी टॅब दोनदा रीस्टार्ट केला, मॅप्स काढून परत टाकलं, आणि मग डोक्यात उजेड पडला की मोकळ्या रस्त्यावर टॅबला दिसणारं एकमेव वायफाय आपल्याच राऊटरचं आहे आणि त्याची नोंद जुन्या जागेवर झालीय! तुमचा बाण असाच मागे अडकत असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि नोमॅप हा शब्द इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मधे स्पेस न सोडता जोडा, गूगल अशा नावाचा राऊटर लोकेशनसाठी धरत नाही.

आता राऊटरकडचं काम. टेल्टोनिका कंपनीच्या आरयूटीएक्स 11 सारख्या राऊटरमधे जीपीएसच्या मेनूत एनएमईए फॉरवर्डिंग, म्हणजे त्या ओळी पुढे पाठवायची सोय आहे, तिथे टॅबचा आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एक पोर्ट नंबर आणि पाठवायची पद्धत टीसीपी की यूडीपी एवढं भरायचं. म्हणजे राऊटर टॅबकडे ओळी ढकलतो, म्हणून टॅबचा आयपी बदलता कामा नये, राऊटरमधे तो पक्का करून ठेवा आणि टॅबच्या वायफाय सेटिंगमधे रँडम मॅक (दर नेटवर्कला वेगळा बनावट हार्डवेअर पत्ता) बंद करून डिव्हाइसचा मॅक निवडा. पेपलिंक कंपनीच्या राऊटरचं उलटं आहे, तिथे राऊटर टीसीपी पोर्ट 60660 वर ओळी देत बसतो आणि टॅबने जाऊन घ्यायच्या. ओळी पाठवण्याचं अंतर बदलता येत असेल तर 1 सेकंदच ठेवा.

टॅबच्या सेटिंगमधे टॅबच्या माहितीच्या पानावर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे मॉक लोकेशन अॅप, म्हणजे टॅबला बाहेरून लोकेशन देणारं अॅप, निवडायची जागा असते. प्ले स्टोअरवरून नेटवर्कवरची एनएमईए वाचून मॉक लोकेशन देणारं अॅप घ्या आणि तिथे ते निवडा, त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा नाहीतर स्क्रीनवर मॅप्स आलं की मागे ते गुपचूप बंद पडतं. टॅबच्या लोकेशन सेटिंगमधलं लोकेशन अॅक्युरसी आणि वायफाय स्कॅनिंग पण बंद करा, नाहीतर बाण खऱ्या जागेवरून वायफायच्या जागेवर आणि परत अशा उड्या मारत राहतो.

सगळं करूनही बाण हलत नसेल तर अॅपमधे कच्च्या ओळी बघायची सोय असते ती उघडा, माझा अर्धा दिवस तिथेच वाचला. आरएमसी नावाची ओळ शोधा, वेळेनंतर लगेच एक अक्षर असतं, ए असेल तर लोकेशन पक्कं मिळालंय, व्ही असेल तर उपग्रहच नीट मिळत नाहीयेत. पुढचा 4530.00 सारखा आकडा बघून घाबरू नका, तो 45 अंश 30 मिनिटं असा वाचायचा, म्हणजे 45.5 अंश. वेग नॉटमधे असतो, 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. माझ्याकडे व्ही काही जाईना, कारण अँटेना कपाटाच्या आत राऊटरशेजारीच पडली होती आणि वर सगळा पत्रा. ती छपरावर नेली आणि थोड्याच वेळात ए आला, इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून ती ओळ दाखवली. अँटेना अॅक्टिव्ह प्रकारची (आत अॅम्प्लिफायर असलेली) असेल तर तिला राऊटरकडून करंट मिळतोय ना तेवढं तपासा.

एक गोष्ट मनापासून सांगतो, बाण थोडा मागे राहतो. ताशी 90 किलोमीटरला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद उशीर झाला तर बाण 50 मीटर मागे. हायवेवर काही फरक पडत नाही पण लागोपाठ दोन वळणं असली की चुकायला होतं, तिथे बाणावर विसंबू नका, आवाज ऐका आणि पाट्या वाचा.

आयपॅडमधे असं मॉक लोकेशन द्यायची सोय साध्या वापरणाऱ्याला नाहीच. बोटीची आणि विमानाची काही अॅप्स वायफायवरून एनएमईए घेतात पण ती फक्त स्वतःपुरती, गूगल मॅप्सला त्याचा उपयोग नाही. तिथे गार्मिन ग्लो 2 किंवा बॅड एल्फसारखा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, तो जोडला की सगळ्या अॅप्सना लोकेशन मिळतं. किंवा सेल्युलरवाला आयपॅड, त्यात जीपीएस असतं आणि सिम नसलं तरी चालतं.

खरं तर राऊटर आणि छपरावरची अँटेना आधीच नसती तर मीही ब्लूटूथ रिसीव्हरच घेतला असता, तुमच्याकडे दोन्ही असेल तर मात्र नवीन काही विकत घेऊ नका. आणि हे सगळं करायच्या आधी टॅबच्या स्पेसिफिकेशनमधे जीपीएस लिहिलंय का बघा, बऱ्याच वायफायवाल्या अँड्रॉइड टॅबमधे ते असतंच, नुसतं काचेजवळ ठेवावं लागतं. नसेल तर पहिली चाचणी व्हॅन मोकळ्या आकाशाखाली उभी करून घ्या, फोनचा हॉटस्पॉट बंद ठेवून, आणि मग पाचदहा किलोमीटरची एक चक्कर मारा ज्यात टॅबकडे शेजारी बसलेला माणूस बघेल, तुम्ही नाही.