जॅझ-ब्लूज नव्याने ऐकतोयस? लाइव्ह रेकॉर्डिंगपासून सुरू कर

अरे पन्नास अल्बमची यादी आधी बाजूला ठेव, सगळे तिथेच गंडतात, डाउनलोड करून ठेवतात आणि एकही धड ऐकत नाहीत. सध्या तीनच.

१. बी. बी. किंग, रीगल थिएटर, शिकागो, १९६४. तो गाताना गिटार गप्प आणि गिटार बोलायला लागली की हा गप्प, असा सवाल-जवाब चालतो. पब्लिक जे किंचाळतंय ना, तेही गाण्याचाच भाग समज.

२. ड्यूक एलिंग्टन आणि त्याचा जॅझ बँड, न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, १९५६. यात त्याच्या बँडमधला पॉल गोन्साल्विस सॅक्सोफोनवर सलग २७ कोरस वाजवतो. ब्लूजचा कोरस म्हणजे साधारण १२ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) आवर्तन, आपल्याकडे तबल्याचा ठेका धरून ऐकतो तसं बोटांवर मोजत ऐक, पाच-सहा आवर्तनांनंतर मोजायचं विसरशील आणि नेमकं तेव्हाच ते चढायला लागतं, लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले होते.

३. पियानोवादक बिल इव्हान्सचा ट्रिओ (तिघांचा बँड), व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, न्यूयॉर्क, जून १९६१. मागे ग्लासांचा किणकिणाट ऐकू येतो. बेसवरचा (बेस म्हणजे खालचे, जाड सूर देणारं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो यानंतर ११ दिवसांनी कार अपघातात गेला, वय फक्त २५. (हे माहीत झाल्यापासून मला ते सहज ऐकता येत नाही.)

दुसरी चूक म्हणजे काम करताना मागे लावून ठेवणं. आणि फक्त सोलोवाल्याकडे लक्ष देऊ नकोस, एकदा नुसता बेस पकडून ऐक.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची शेवटच्या काळातली रेकॉर्डिंग्ज, थिअरी, महागडे हेडफोन, सगळं नंतर. आज रात्री किंग लाव.